उणे ऐंशी

बायको गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं, की तिचं एन्झाइमही गेलं.

तिच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचा फोन आला. "उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर शनिवारी बंद पडला. आतलं सगळं वितळलं. अलार्मनं पहिला फोन तुम्हालाच लावला होता."

लावला होता खरा. नवरा फ्रीज दुरुस्त करणारा, म्हणून तिनं यादीत पहिला नंबर त्याचाच दिला होता. पण शनिवारी घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी सांत्वनाला फोन करतंय असं समजून त्यानं तो कापला. तीनदा. तीस वर्षं लोकांचं दूध नासू न देणाऱ्या माणसानं.

पेशीतल्या प्रथिनावर नेमक्या जागी साखरेचा एकेक कण चिकटवायचा, हे त्या एन्झाइमचं काम. ते शुद्ध स्वरूपात मिळवायला तिला नऊ वर्षं लागली.

"एवढ्या वर्षांत केकवर क्रीम लावायला शिकली असतीस," तो चिडवायचा.

"केकवाल्याचं चुकलं तरी लोक खातात. इथे जागा चुकली की प्रथिन कचऱ्यात."

साहेब विचारत होते, "घरी एखादी नळी ठेवली होती का हो त्यांनी? एकीवरही काम पुढे नेता येईल. नाहीतर नऊ वर्षं पाण्यात."

ठेवली होती. प्रयोगशाळेतल्या फ्रीझरवर तिचा कधीच भरवसा नव्हता. नवऱ्याच्या फ्रीजवर होता. तो स्वयंपाकघरात धावला. बहीण फ्रीज पुसत होती.

"दादा, केवढा बर्फ साठला होता रे! काल दिवसभर बंद ठेवला तेव्हा कुठे सुटला. मेकॅनिकच्या घरी हे असं? बघ, कसा लखलखतोय!"

"आत एक छोटी नळी होती..."

"ती होय? औषध असेल म्हणून खिडकीत ठेवलीये."

नळीवर बायकोच्या अक्षरात तारीख होती. आतल्याचं पाणी झालेलं.

साहेब म्हणाले, "ग्लिसरीनमध्ये असेल तर कदाचित तग धरला असेल. घेऊन या. एका दिवसात चाचणी करून सांगतो, जिवंत आहे की नाही."

त्यानं नळी पुन्हा गोठवली. त्याला महिना झाला. 'उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही,' असं तो गिऱ्हाइकांना रोज सांगतो. साहेबांना मात्र 'उद्या आणतो' म्हणतो.

नळी घरीच आहे. चाचणी झालेली नाही.