सरळ केलेली छाया

शरदाचे ऊन कृष्णाकाठी उतरले होते. धुतलेले, धारदार, निर्दय ऊन. अशा प्रकाशात काही लपत नाही. तळीचा गोटा लपत नाही, आणि माणसाचा प्रमादही लपत नाही.

त्या उन्हाकडे पाठ करून डॉक्टर मुकुंद रेगे शस्त्रक्रियागृहात शिरले. तीस वर्षे त्यांनी माणसांची वक्षे उघडली होती. आपल्या अचूकतेवर त्यांची धर्मासारखी श्रद्धा होती.

चैत्रात चंद्राबाई चौगुले प्रथम आली, तेव्हा खोकल्याने वाकलेली होती, हळदीच्या मळ्यात बोटे पिवळी झालेली. प्रकाशपेटीवर तिच्या छातीची क्ष-किरण छाया लागली आणि रेगे कडाडले. हृदय उजवीकडे! "कुणी लावली ही उलटी? डोळे घरी ठेवून येता काय?" स्वहस्ते त्यांनी ती छाया पालटली. सृष्टीचे एक दुर्मिळ सत्य त्यांनी दोन बोटांनी दुरुस्त केले.

"न्हाई डाक्टर, माझं काळीज उजवीकडंच हाय. आई कान लावून सांगायची."

"आईला ठाऊक होतं, तर आम्ही एवढी वर्षं शिकलो कशाला, बाई?"

खोली हसली. तीही हसली, दुबळ्याला हसावेच लागते.

गाठ डाव्या फुप्फुसात होती, बोराएवढी. पालटलेल्या छायेवरून तपासणीची सुई उजव्यात शिरली. निरोगी फुप्फुसाने निरोगी साक्ष दिली, आणि चंद्राबाई पेढे वाटत घरी गेली. वैशाख गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. गाठ तेवढी गेली नाही. भाद्रपदात पदरावर रक्त उमटले. नव्या तपासणीत सारे दिसले: हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, अवघा देह जणू आरशातून उचलून आणलेला.

आज भूल चढण्यापूर्वी ती म्हणाली, "आता तरी पटलं न्हवं का, डाक्टर?"

"पटलं, चंद्राबाई."

"मग काढा बिनघोर."

तीन छिद्रे पडली, बोटभर रुंदीची. एकातून दुर्बीण उतरली, आणि पडद्यावर उमलले तीन पाकळ्यांचे डावे फुप्फुस. इतरांच्या उजवीकडे असते तसे, गुलाबी, श्वासमंथर, अपूर्व. रेग्यांनी सात दिवस हेच उलटे विश्व मनात उभे करून घोकले होते. आज त्यांचा हात चुकला नाही. चुकायला काही उरलेच नव्हते.

पाकळ्यांभोवतीच्या नितळ आवरणावर शुभ्र कण विखुरले होते. असंख्य, सुबक, राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे. कर्करोगाने पेरणी उरकली होती. पाच महिन्यांचे सुपीक शेत त्याला रेग्यांनीच दिले होते.

"सर, पुढं?" भूलतज्ज्ञ बाईंनी विचारले.

"पुढं काही नाही. मिटा."

सायंकाळी चंद्राबाई जागी झाली. पट्ट्या चाचपल्या, तीनच, एवढ्याशा. तिचा चेहरा उजळला.

"एवढ्याशा भोकातनं समदं काढलंसा? लई उपकार झालं, डाक्टर."

रेग्यांनी तिची एक पट्टी सरळ केली. तिने त्यांचा हात ओढला, देवाच्या पावलासारखा कपाळी टेकवला. आणि तो हात तिथेच राहिला. निष्णात, निष्कंप, निष्फळ, तिच्या उष्ण कपाळावर हळूहळू गार होत.