वितळलेल्या चांदीचा थेंब

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी माझ्या बाबांना ती वस्तू दिसली. म्हणजे मी अगदी फॉर्मात असताना!

बाबा हवाई दलात रडारवर. सकाळी अकरा वीसला पडद्यावर एक टिंब आलं आणि धावपट्टीच्या टोकाशी थांबून राहिलं. त्या वेळी तिथे एकही विमान नव्हतं. बाबांनी खिडकीतून मान काढून पाहिलं. मनोऱ्यावर त्यांचे मित्र लंबूकाका दुर्बीण घेऊन उभेच होते. दोघांनाही दिसलं. चार मिनिटं, आवाज नाही, मग सरळ वर आणि गायब. पडद्यावरचं टिंब कुठे साठत नाही, उरते ती नोंदवही. त्यात बाबांनी लिहिलं, 'अज्ञात वस्तू'. झालं, चौकशी समिती बसली.

समितीला जबाब पटला नाही तर बाबांची रडारची खुर्ची जाणार होती. एकोणीस वर्षांची खुर्ची. आई तिला सवत म्हणायची.

अडचण एकच. चार माणसांत बोलायचं म्हटलं की बाबांचं ततपप होतं.

"मी आहे ना!" मी म्हटलं.

स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. लंबूकाकाही यायचे.

"सांगा, कशी दिसत होती?"

"साधारण... म्हणजे बल्ब असतो ना, तसं... पण बल्ब नाही," बाबा म्हणाले.

"मला तर उलटी वाटी वाटली," काका म्हणाले. "कडेला पोचा आलेली."

"बल्ब काय, वाटी काय! आकाशातली वस्तू आहे, भांड्यांचं दुकान नाही. लिहून घ्या. वितळलेल्या चांदीच्या थेंबासारखी, निश्चल आणि निःशब्द."

"वा, भाषणबाई!" काका म्हणाले. "आता तीच वस्तू परत आली तर स्वतःला ओळखणार नाही."

आई कणीक मळत होती. "अगं, त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू दे की."

"आई, तू मध्ये पडू नकोस. परीक्षकांना काय लागतं ते मला माहितीये."

तीन दिवस दोघांकडून घोटून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे नजर उचलायची. 'साधारण' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी बाबा एकदाही अडखळले नाहीत. मी टाळ्या वाजवल्या.

समितीने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. का, ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. स्पर्धेत कुणी असं बसवत नाही.

दोन आठवड्यांनी निकाल आला. बाबांनी कागद टेबलावर ठेवला आणि बूट न काढताच बसले. मी वाचला. 'दोन्ही साक्षीदारांचे जबाब शब्दशः सारखे आहेत. जबाब आधी संगनमताने तयार केल्याचे दिसते. नोंद अविश्वसनीय.' बाबांची बदली कपड्यांच्या गोदामात. मोजे, पट्टे, बूट.

काका खाली मान घालून दारात उभे होते. "शेवटी दोघांना समोरासमोर उभं केलं," ते म्हणाले. "हे थेंबाचं वाक्य कुणाचं, म्हणून साहेबांनी तीनदा विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझे बाबा म्हणाले, माझंच."

"मी जाते साहेबांकडे! मी सांगते!"

"काय सांगशील?" बाबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "दोन सैनिकांना नववीतल्या मुलीनं पढवलं, असं? बस खाली."

मी बसले. शोकेसमधला माझा वक्तृत्वाचा कप उचलून आतल्या कपाटात टाकला. आईने बाबांचे बूट काढून बाजूला ठेवले. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

आता बाबा रोज सकाळी गोदामात जातात. परवा सुटीच्या दिवशी ते गॅलरीत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, ते विचारलं. "बाबा, खरंच कसं दिसलं होतं? तुम्हाला. मी मध्ये बोलणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मला 'साधारण' ऐकायचं होतं. बल्ब ऐकायचा होता. हवं तेवढं ततपप चालणार होतं.

"वितळलेल्या चांदीच्या थेंबासारखं," ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "दुसरं काही आठवतच नाही गं आता."