विहीणबाईंचा शब्द

"हाई भाकर खावाले नवा दात बसाडना पडतीन!" अभिमन बायकोला म्हणाला.

"ताओयेन!" लान फणकारली आणि पाठ फिरवून बसली.

अभिमन डेपोला गेल्यावर यशोदाबाईंनी सुनेला विचारलं, "म्हंजे काय व?"

"नकोसा माणूस. ज्याचा राग येतो तो." एवढं सांगून लान नळावर पळाली.

यशोदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. धुळ्यात दात बसवणाऱ्या चिनी डॉक्टरांची ही मुलगी. लग्नाला सगळी भावकी विरोधात होती. शाळेत शिपाईण असलेल्या यशोदाबाई एकट्याच पोराच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. वर्षाच्या आतच तो नकोसा झाला?

शाळा सुटल्यावर त्या देवपुराहून पूल ओलांडून थेट विहिणीकडे गेल्या. डॉक्टर वारल्यापासून दवाखाना बंदच होता. मागच्या खोलीत विहीणबाई शेंगा सोलत होत्या.

"तुमनी लेक मना पोरले रोज ताओयेन म्हनस," यशोदाबाई दारातूनच म्हणाल्या. "तिले नांदनं नही का? खरं सांगा."

विहीणबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या हसतच सुटल्या.

"कसा बोलते? सरळ बोलते की लांब?" त्यांनी आपल्या चिनी वळणाच्या मराठीत विचारलं.

"लांब. आन पाठ फिरावस."

"मग चांगला आहे! सरळ बोलला तर शिवी. परक्या माणसाला बोलला तर भांडण. पण आपला माणूस चिडवतो ना, तेव्हा असा..." त्यांनी खांदा उडवला, मान वळवली, "ताओऽऽयेन!"

यशोदाबाई बघतच राहिल्या. साठीची बाई क्षणभर नवी नवरी दिसली.

"अय माय! आमी 'मेला' म्हंतस, तसं!" त्यांनी कपाळाला हात लावला. सकाळपासून छातीवर बसलेला दगड उतरला. मग त्या स्वतःच म्हणून बघू लागल्या. पहिल्यांदा शिवीच झाली. विहीणबाईंनी त्यांचा खांदा धरून वळवला, तेव्हा कुठे जमलं. दोघी पोट धरून हसल्या.

"डॉक्टरसाहेब फार चिडवायचा," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "आता कोणाला बोलणार?"

यशोदाबाईंचे मालक जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्यांनी शेंगा पुढ्यात ओढल्या. चार शेंगा सोलल्या, आणि तिरक्या नजरेने बघत म्हणाल्या, "विहीणबाई, साहेबनं नाव काढं आन गाल लाल व्हयनात तुमना!"

"ताओऽऽयेन!" विहीणबाईंनी त्यांच्या दंडावर चापट मारली.

मग तो हात बराच वेळ तिथेच राहिला.