आठव्या दिवसाचा फोन

"कस्तुराबाई, फोन ठेवू नका. मी शिरूरच्या हॉस्पिटलातून बोलतीय, धुरपदा सिस्टर."

"चांगदेवनं सांगितलंय, हास्पिटलचा फोन आला तर बोलायचं न्हाई. नाव काढलंया आमी."

धुरपदाबाईंना ते ठाऊक होतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर किती मुलांच्या घशात जंतुसंसर्ग होतो, किती जणांना रक्त येतं, याचा अभ्यास हॉस्पिटलात दोन वर्षं चालू होता. घरोघरी फोन करून चौकशी करायची आणि ठरल्या दिवशी घशात कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा, हे बाईंचं काम. तिसऱ्या दिवशी ती काडी बघून निमोण्याची आठ वर्षांची ज्ञानेश्वरी किंचाळली. तिचा बाप, कस्तुराबाईंचा मुलगा चांगदेव, कंपनीतून रजा काढून आला होता. "माझ्या लेकीवर प्रयोग नकोत," म्हणाला आणि सही करून बाहेर पडला. अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी यादीत तिच्या नावावर रेघ मारली. अभ्यासाचे फोन बंद.

पण आज ऑपरेशनचा आठवा दिवस होता. घशातली खपली सुटते ती साधारण याच दिवसांत, आणि रक्त येण्याची भीतीही तेव्हाच.

"अभ्यासाचं काही विचारत न्हाई. पोरगी कशी हाय तेवढंच सांगा."

"चांगली हाय. निजलीया. सकाळच्याला जरा उलटी झाली, काळी. जांभळं खाल्ली आसतील चोरून."

धुरपदाबाई खुर्चीतून उठल्या.

"झोपेत सारखी गिळतीय का?"

पलीकडे म्हातारी नातीला बघून आली. मग म्हणाली, "व्हय, गिळतीया. थुका गिळती म्हनलं मी."

बावीस वर्षांपूर्वी बाई वॉर्डात नव्या होत्या, तेव्हा वढूचा एक मुलगा असाच दुपारभर गिळत पडला होता. बाईंनी कागदावर 'शांत झोपला आहे' असं लिहिलं होतं. चार वाजता त्यानं पोटातलं सगळं रक्त एकदम ओकून टाकलं. तो वाचला नाही. कुणी बाईंना बोल लावला नव्हता.

"कस्तुराबाई, तिला उठवून बसवा. मान पुढं. गिळू देऊ नका, ताटलीत थुंकायला लावा. आन् रंग बघा."

भांड्याचा आवाज आला. बराच वेळ नुसतं "थुक गं माजे बाय, थुक" एवढंच ऐकू येत राहिलं.

"बाई... लाल हाय ओ."

"तिची आई कुठंय?"

"खुरपायला गेलीया लांब. चांगदेव ड्युटीवर. मी एकलीच हाय."

"एकल्या नाही. मी निघाले. तिला आडवी होऊ देऊ नका."

मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. दारातूनच निरोप सांगून, रक्ताची तयारी ठेवायला सांगून, बाई गाडीत बसल्या. ड्रायव्हर दत्तानं लगेच गाडी काढली. वाटेत बाजरीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर रस्ता सोडेना, तेव्हा बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शिवी दिली.

कस्तुराबाई ओसरीवर बसल्या होत्या. एका हातानं नातीचं कपाळ धरलेलं, दुसऱ्या हातात ताटली. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

परतीच्या वाटेवर ज्ञानेश्वरीला मोठी उलटी झाली. गाठीच्या गाठी. बाईंनी तिला मांडीवर पालथी धरली आणि आपलं बोट तिच्या मुठीत दिलं.

"बोलू नको. मी हाक मारली की बोट दाबायचं. ज्ञानेश्वरी?"

तिनं दाबलं.

"ज्ञानेश्वरी?"

पुन्हा दाबलं. शिरूर तीन-चार किलोमीटरवर असताना मूठ सैल पडली. बाईंनी दोनदा हाक मारली, मग तिच्या तळव्यावर नखानं जोरात चिमटा काढला. बोटं जरा हलली. "दत्ता, पळव," एवढंच त्या म्हणाल्या. मागच्या बाकावर कस्तुराबाई दोन्ही हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या.

पोरीला ऑपरेशनला आत नेल्यावर पाऊण तासानं मॅडम बाहेर आल्या. "टाका घातला. रक्त चढवणं चालू आहे. वाचेल. अर्धा तास उशीर झाला असता, तर काही सांगता आलं नसतं."

चांगदेव संध्याकाळी आला, कंपनीच्या कपड्यातच. लेकीच्या खाटेपाशी उभा राहिला. मग बाहेर येऊन खाली बघत म्हणाला, "सिस्टर, मी तर नाव काढून घेतलं व्हतं. मग फोन कशापाई केला?"

"नाव यादीतनं काढलं होतं, चांगदेव. घसा तिचा तिथंच होता."

तो भिंतीला टेकला. तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आईला च्या पाजतो. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तिनं."

बाईंनी मॅडमना विचारलं, "हे लिहायचं ना?"

"तिच्या केसपेपरवर सगळं लिहा. अभ्यासात नाही घेता येणार. त्यांनी नकार दिलाय. तो त्यांचा हक्क आहे, बाई."

"पण झालं तर खरं."

"झालं. पण आपल्याला मोजता येत नाही."

दिवाळीनंतर दौंडला डॉक्टरांच्या सभेत मॅडमनी अभ्यास मांडला. पडद्यावर तक्ता आला: मुलं दोनशे सदतीस, ऑपरेशननंतर रक्तस्राव पाच. एका वयस्क डॉक्टरांनी उठून विचारलं, "आकडे पूर्ण आहेत ना?"

मॅडम म्हणाल्या, "नियमात बसतात तेवढे सगळे आहेत."

शेवटच्या रांगेत बसलेल्या धुरपदाबाई मनातल्या मनात सहा म्हणाल्या. मग पुढच्या रांगेतल्या कुणी पाणी मागितलं, तेव्हा त्यांनी बाटली उघडून पुढं केली.