मस्कत दोन बोटांवर

मित्रांनो, मी बोरिवलीतल्या एका शोकेसमधला जुना पृथ्वीगोल आहे. पोट पुठ्ठ्याचं, वर नकाशाच्या कागदी पट्ट्या हातांनी चिकटवलेल्या, पाय लोखंडी. देवव्रत पाचवीत गेला तेव्हा त्याच्या बाबांनी, नंदकुमाररावांनी, मला घरी आणलं. पोरगं मला असं गरागरा फिरवायचं की बस्स! "बाबा, मी इथे जाणार, इथेपण जाणार!" भूगोलात त्याला पैकीच्या पैकी मिळाले, तेव्हा त्याच्या आईने, शुभाताईंनी, मलाही कुंकू लावलं. केवढा फुगलो होतो मी!

मग देवू खरंच टोरोंटोला गेला. नंदकुमाररावांनी माझ्या पोटावर दोरा ताणला. "दीड वीत! साडेबारा हजार किलोमीटर गं शुभा. विमान बदलून बावीस तास." तेव्हापासून घरात माझाच शब्द शेवटचा. देवू दिवाळीला आला नाही, की शुभाताई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "एवढ्या लांबून कसा येणार बिचारा?"

यंदा गणपतीच्या तोंडावर शुभाताईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "देवू, येशील का रे? मला भीती वाटते."

"आई, बावीस तासांचा प्रवास आहे गं. रजा नाही मिळत. समजून घे ना."

त्यांनी समजून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी हात धरायला एकटे नंदकुमारराव होते.

महिन्याभराने शेजारच्या सुलक्षणाकाकू लेकीचं बाळंतपण उरकून मस्कतहून परतल्या. खजुराचा डबा घेऊन आल्या. "अहो शुभाताई, तुमचा देवू भेटला ना तिकडे! मंडळाच्या गणपतीत मोदक वाढत होता. वर्ष झालं म्हणे मस्कतला येऊन. बोलला नाहीत कधी?"

शुभाताई हसल्या. "अगं बाई, सांगायचं राहूनच गेलं."

काकू गेल्यावर नंदकुमाररावांनी पुन्हा दोरा काढला. मुंबई ते मस्कत, दोन बोटं. विमानाला तीन तासही लागत नाहीत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अरे देवू, माझ्याच अंगावर अंतरं शिकलास, आणि माझ्याच साडेबारा हजार किलोमीटरांआड लपलास? मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही रे. माझ्या नावावर तू बोललास!

रविवारी नेहमीसारखा फोन वाजला. नंदकुमारराव तावातावाने उठले. "आज विचारतोच त्याला!"

शुभाताईंनी त्यांचा हात धरला. "नका ना. कळलंय म्हटलं, तर फोनही करणार नाही तो." आणि फोन घेऊन म्हणाल्या, "बोल रे राजा. थंडी पडली का तिकडे?"

"हो आई, कडाक्याची."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. यायचं नसेल तर 'नाही येत' म्हणा, आई तेही पोटात घालते. पण तिला खोटं अंतर सांगू नका. तिला सगळं कळतं, आणि कळलंच नाही असं दाखवत ती फोनपाशी बसून राहते.