बारा मिनिटांचा थांबा

बायको गेल्यावर रेल्वेची सहल रद्दच करायची, असं सुताराच्या मनाने घेतलं होतं. लेक मात्र आईने प्रवासातल्या खाण्याचा बेत आखलेला कागद घेऊन समोर बसली.

"बाबा, आईचं डोकं बघा! प्रत्येक स्टेशनावर तिथलंच घ्यायचं, पण दरी दिसते तेव्हा हात रिकामे. बोगदा आला की पुडी सोडायची!"

"भारीच होती ती."

"पण तळलेले मासे घाटमाथ्यावरच का? आधी दोनदा मिळतात की."

"तिथे गाडी बारा मिनिटं थांबते. मला काटे काढायला वेळ लागतो."

सुताराने कागद आपल्याकडे ओढला. उभ्या जन्मात त्याने एक खुर्चीही इतक्या बारकाईने कुणाच्या मापाची केली नव्हती.

"काढ तिकिटं," तो म्हणाला. "खिडकी मात्र माझी."