थोरल्यांचं चित्र पुसलं तेव्हा

त्या घरात चित्र काढून झालं म्हणजे पुरं झालं असं कोणी म्हणत नसे. त्याला सांज दिली की मग ते पुरं. सांज देणं म्हणजे वाळलेल्या चित्रावर तेलात पातळ केलेला तपकिरी रंग रुंद ब्रशने वरून खालपर्यंत फिरवणं. सकाळ काढलेली असो की टळटळीत दुपार, ब्रश फिरला की चित्रातला दिवस मावळतीला लागायचा. हे काम बाबांचं. स्वतःच्या चित्रांना ते सांज द्यायचेच, पण लेकीच्या चित्रांनाही तेच द्यायचे. आता नव्वदी जवळ आली होती, डोळ्यांनी पार दगा दिला होता, खिडकी कुठे आहे एवढंच काय ते उजेडावरून कळायचं, तरी हा ब्रश त्यांनी कोणाच्या हातात दिला नव्हता.

लेक साठीला टेकलेली. शेजारीपाजारी तिला ताई म्हणत, आणि ती नेमकी काय काम करते हे त्यांना कधी नीट कळलं नव्हतं. पालवी फुटली की घडीचं स्टूल आणि रंगांची पेटी घेऊन ती नदीच्या वळणावर जायची. ऊन तापायला लागलं की तिथेच, पण उजाडता उजाडता. पानगळीत दिवसभर. आणि थंडीने बोटं आखडायला लागली की संग्रहालयात, थोरल्यांसमोर.

थोरले म्हणजे कोणी नातेवाईक नव्हेत. कधीच मातीआड गेलेला एक चित्रकार. त्याचं एक भलंमोठं चित्र संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात होतं. नदी, काठची झाडं, पाण्यात उतरलेल्या गाई, आणि सगळ्यावर मधासारखा तपकिरी उजेड. बाबा तरुणपणी या चित्रासमोर बसून शिकले, पुढे त्यांनी लेकीला तिथेच बसवलं. दर हिवाळ्यात एक नक्कल, हा नेम. घरात काही अडलं की प्रश्न यायचा, "थोरले काय म्हणतील?" आणि थोरल्यांनी तोंड उघडायच्या आत बाबाच उत्तर देऊन मोकळे व्हायचे.

"हिरवा हा पोरकट रंग," बाबा म्हणायचे. "थोरल्यांनी लावलाय का कुठे? दाखव."

ताई काय दाखवणार? थोरल्यांच्या झाडांवर हिरवा औषधालाही नव्हता.

वसंतात काढलेलं चित्र वर्षभर वाळू द्यायचं आणि पुढच्या वसंतात त्याला सांज द्यायची, अशी घरची रीत. गेल्या वसंतात मात्र ताईच्या हातून काहीतरी वेगळंच होऊन बसलं होतं. वळणावरचं एक झाड पाण्यावर वाकलेलं होतं, पालवी नुकती सुटलेली, ऊन पानांतून आरपार जात होतं. जसं दिसलं तसं तिने लावून टाकलं. थोरल्यांना विचारलं नाही, बाबांना सांगितलं नाही. वर्षभर ते चित्र भिंतीशी टेकून वाळत राहिलं, आणि भांडी घासता घासता, केर काढता काढता ताई त्याच्याकडे बघून घ्यायची. इतक्या वर्षांत हे एकच चित्र तिला स्वतःचं वाटलं होतं.

आता त्याच्यावर सांज यायची वेळ आली होती. "बाबा, याला नको," एवढंच म्हणायचं होतं. पण वर्षभरात ते तिने एकदाही म्हटलं नव्हतं. बाबा काही दुष्ट नव्हते. आई गेल्यावर लेकीची वेणी घालायला शिकले होते, आणि तिच्या पहिल्या चित्राला चौकट त्यांनीच ठोकली होती. रागावणारे असते तरी बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण मन दुखलं की ते गप्प व्हायचे, आणि त्यांचं ते गप्प बसणं दोन-दोन दिवस घरभर हिंडायचं. साठीची बाई बापाच्या गप्प बसण्याला घाबरते हे ऐकून कोणी हसेलही. हसू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्या हिवाळ्यात संग्रहालयाने थोरल्यांचं दालन सफाईसाठी बंद ठेवलं होतं. वसंत लागला तेव्हा ते उघडलं. बाबांनी सकाळीच फर्मावलं, "जा, आधी थोरल्यांना बघून ये. आलीस की गेल्या वसंताला सांज देऊन टाकू."

दारातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने तिला पाहिलं आणि नेहमीसारखं हसला नाही. "ताई," तो हळूच म्हणाला, "आधी बाकावर बसा आणि मग बघा."

ताईने ऐकलं नाही. ती सरळ आत गेली.

आभाळ निळं होतं. धुऊन काढल्यासारखं निळं, त्यात पांढरे, हलके ढग. गाईंच्या पाठींवर कोवळं ऊन होतं आणि पाण्यावर धुकं. आणि झाडं हिरवी होती, इतकी हिरवी की ताईचा हात आपोआप तोंडावर गेला. ती संध्याकाळ नव्हतीच. ती सकाळ होती, वसंतातली सकाळ.

चित्राची सफाई करणारी बाई तिथेच उभी होती. कौतुकाने सांगत होती, "धूर, धूळ आणि पिवळं पडलेलं व्हार्निश. कापसाच्या बोळ्यांनी इंच-इंच काढलंय. त्यांनी काढलं होतं तसं आता दिसतंय."

ताईला आधी आनंद झाला हे खरं सांगायला हवं. तो हिरवा तिच्या ओळखीचा होता, तिच्या भिंतीशी वाळत होता. दुसऱ्या क्षणी ती बाकावर बसली. व्हार्निश पिवळं पडतं हे कुठल्या चित्रकाराला ठाऊक नसतं? पण घरातल्या वडीलधाऱ्याच्या अंगावर मळ साचलाय असं कोणाच्या मनात येतं? बाबांनी आयुष्यभर मळाची नक्कल केली. आणि आपण? आपण नकलेची नक्कल. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. कोणावर काढावा ते मात्र कळेना.

घरी येईपर्यंत तिने ठरवून टाकलं. नव्वदीच्या माणसाला हे सांगायचं नाही. राहिलेत किती दिवस? एक चित्र गेलं तर गेलं.

बाबा तयारच बसले होते. बाही वर सारलेली, मांडीवर फडकं, बाजूला वाटीत कालवलेला तपकिरी. चित्रही त्यांनी चाचपत लाकडी घोडीवर चढवून ठेवलं होतं.

"कसं दिसतं?"

"छान."

"छान म्हणजे? मी काय पाहुणा आहे?"

"तसंच आहे, बाबा. तपकिरी उलट आणखी खुललाय."

बाबा अंगठ्याने ब्रशचे केस चाचपत राहिले. मग म्हणाले, "मग त्यांनी नीट पुसलेलं नाही."

ताई बघतच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"खाली काय आहे ते नव्हतं माहीत. पण वरचं थोरल्यांचं नाही, एवढं कळत होतं. आता खरं सांग. आभाळ?"

"निळं."

"झाडं?"

"हिरवी. सकाळ आहे, बाबा. सांज नाहीच कुठे."

त्यांनी मान हलवली, एखाद्या जुन्या आजाऱ्याची बातमी ऐकावी तशी. "मला तो तपकिरी आवडायचा गं. माझा म्हटलं असतं तर कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. थोरल्यांचा म्हटलं, की चालून गेला."

"तुम्हाला आवडायचा," ताईचा आवाज चढला, इतका की तिचा तिलाच परका वाटला. "मला आवडतो का, हे विचारलंत कधी? माझी एकूण एक सकाळ बुडवलीत तुम्ही."

बाबांनी हाताने वाटी चाचपली. त्यांनी ब्रश वाटीत बुडवला, कडेला निथळू दिला आणि सवयीने हात पुढे केला. ताईने घोडी मागे ओढली. ब्रश हवेत राहिला आणि तपकिरीचे दोन थेंब फरशीवर पडले.

"याला सांज नको, बाबा."

आता ते गप्प बसणं सुरू होणार म्हणून ताई अंग चोरून उभी राहिली. बाबांनी ब्रश फडक्याला पुसला, केस चिमटीत धरून, मुळापर्यंत, काम संपल्यावर पुसतात तसा.

"एवढं बोलायला," ते म्हणाले, "थोरल्यांना आंघोळ घालावी लागली?"

ताईला हसू आणि हुंदका एकदमच आला.

"काय काढलंयस?"

"नदीचं वळण. वाकलेलं झाड."

"ते ठाऊक आहे. रंग?"

"हिरवा."

"हिरवा कसला?"

ताई चित्राजवळ वाकली. तपकिरीला त्या घरात डझनभर नावं होती. भिजल्या दोरीचा, जुन्या मधाचा, काढ्याचा, भाजल्या मातीचा. बाबा नुसतं नाव घ्यायचे आणि ती डोळे मिटून तो रंग कालवायची. हिरव्याला शब्दच नव्हता. कधी लागलाच नव्हता.

"कोवळा," ती म्हणाली. मग चित्राकडे बघून म्हणाली, "नाही. कोवळा नाही. थांबा."

बाबांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. "घाई करू नकोस," ते म्हणाले. "वेळ मला कमी आहे, तुला नाही."

ताईने पदराने डोळे पुसले, घोडीजवळ स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या पानापासून सांगायला सुरुवात केली.